पाठीवर धार असलेली सुई

दिगंबरकाका पाठक यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते संत्र्याला टाके घालत होते.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत, समोरच्या ओसरीवर ते मांडी घालून बसले होते. डाव्या हातात वरूडकडचे सैल सालीचे संत्रे, उजव्या हातात चिमटा आणि चिमट्यात द्वितीयेच्या चंद्रासारखी वाकडी सुई. सालीला त्यांनी आधी एक चीर दिली होती आणि तीच चीर आता ते शिवत होते. पण त्यांचे डोळे मिटलेले होते. कान संत्र्याजवळ नेऊन ते सुईचे जाणे ऐकत होते. शेवटची गाठ मारून त्यांनी संत्रे सोलले आणि फोडींवरून बोट फिरवले. एका फोडीवर रसाचा बारीक थेंब उभा होता. त्यांचा चेहरा असा उतरला, की जणू त्या फोडीची घरी कोणी वाट पाहत असावे.

“रडली,” ते म्हणाले. “पाह्यलं? फोड रडली. सुई आत खोल गेली.” मग तीच फोड माझ्यापुढे धरून म्हणाले, “खा. ऑपरेशन फसलं, पण पेशंट गोड आहे.”

पाठकांच्या घरी भिक्षुकी पिढीजात होती. काकांनीही वयाच्या तिशीपर्यंत लग्ने लावली, सत्यनारायण सांगितले. पण यजमानाच्या घरचे भिंतीवरचे घड्याळ बंद दिसले की त्यांचे मंत्र अडखळत. पुढे पोथ्या कोनाड्यात राहिल्या आणि काका घड्याळे दुरुस्त करू लागले. कोणी त्याबद्दल टोचून बोलले, तर ते शांतपणे म्हणत, “मंत्र चुकला तं देव समजून घेते. पोलाद समजून घेत नाही. म्हणून मले पोलादाचीच भीती जास्त वाटते.”

अमरावतीच्या इस्पितळातले एक शस्त्रक्रियातज्ज्ञ त्यांच्याकडे मनगटावरचे घड्याळ दाखवायला आले आणि त्या घड्याळातून सुया निघाल्या. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, की परदेशी सुया आता मिळत नाहीत. ज्या आहेत त्या घासून घासून बोथट झाल्या आहेत. आणि वाकड्या सुईची धार आतल्या अंगाला असल्यामुळे टाका ओढताना कातडी जखमेच्या काठापर्यंत फाटत जाते. काकांनी घड्याळ खाली ठेवले. नंतर कित्येक दिवस ते गल्लीच्या टोकाच्या चांभाराजवळ जाऊन बसत आणि तो मोटेचे जाड चामडे कसे शिवतो ते पाहत. एके दिवशी त्यांनी तीनधारी सुईची तिसरी धार कमानीच्या पोटातून काढून पाठीवर नेली. दोरा ज्या बाजूला ओढला जातो, त्या बाजूला आता धार नव्हती, सपाट गुळगुळीत पोलाद होते. बाहेरच्या जगात अशी सुई कोणी आधी केली होती की नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आमच्या गल्लीत तरी ती पहिलीच होती.

“माणसानं बी असंच राहावं,” काका म्हणत. “ज्याले आपण ओढून राहिलो, त्याच्याकडं धार करू नाही.”

मी त्यांच्या कामात आले ती डोळ्यांसाठी. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते. सुईचे टोक त्यांच्या बोटाला कळे, तिचे जाणे कानाला कळे; पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता आणि रंग त्यांना सोडून चालले होते. “मले सारं जग हळद लागल्यासारखं दिसते,” ते हसून सांगत. आणि सुईचा जीव तर रंगात होता. मुंबईहून आणलेली पोलादी तार कापायची, घासायची, वाकवायची, लाल तापवून जवसाच्या तेलात बुडवायची. एवढे केले की सुई कठीण होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून ती घासून लखलखीत करायची आणि शेगडीवरच्या लोखंडी पत्र्यावर पुन्हा हलकेच तापवायची. मग तिच्या अंगावर रंग उमलू लागत. प्रथम वाळल्या गवताचा, मग मधाचा, मग पिकल्या जांभळाचा. जांभळाचा रंग आला की त्याच क्षणी ती पत्र्यावरून उचलायची. आधी उचलली तर तुटणार, उशिरा उचलली तर वाकणार. पत्र्यापाशी उकिडवी बसून मी रंग सांगत असे. माझ्या शब्दावर ते चिमटा चालवत. कोळशाची ऊब गालांवर, जवसाच्या तेलाचा कडवट वास नाकात आणि डोळ्यांसमोर तो क्षणभराचा जांभळा बहर. त्या वयात मला ते कवितेसारखे वाटे. काकांना ते कधीच तसे वाटले नाही. त्यांच्या कपाळावर दरवेळी घाम असे, आणि तो शेगडीचा नसे.

सुयांची पुडी अमरावतीला गेली की त्यांचे जेवण सुटे. ओसरीवर येरझारा घालत ते अचानक थांबत आणि विचारत, “आज कोनाच्या अंगात असंल वं आपली सुई?” डॉक्टरांचे कार्ड आले, की मग ते पोटभर जेवत.

माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न वैशाखात निघाले. आमचे अंगण लहान, म्हणून मांडव गल्लीभर घातला होता. त्याचे एक टोक काकांच्या खिडकीवरून गेले होते. ऐन हळदीच्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला. सुया संपल्या होत्या, निदान एक डझन तरी तातडीने हव्या होत्या. हळदीने पिवळे झालेले हात धुऊन मी काकांकडे धावले. घरी जात्यावर ओव्या चालल्या होत्या, आई माझ्या नावाने हाका मारत होती. मी पत्र्याकडे पाहत होते. “जांभूळ,” मी म्हटले. काकांनी सुया उचलल्या. नंतर घासून त्या चांदीसारख्या पांढऱ्या केल्या, म्हणजे अंगावरचा रंगही पुसला गेला. नेहमीप्रमाणे बारा पुडीत गेल्या आणि तेरावी त्यांनी तपासणीसाठी मागे ठेवली, पण लग्नाच्या धांदलीत ती तपासणी राहून गेली. लग्नाला आलेले अमरावतीचे एक नातेवाईक परत जाताना पुडी घेऊन गेले.

वरात गेली, मांडव उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ती तेरावी सुई ताणलेल्या चामड्यात घातली. मी शेजारीच होते. चामड्यातून सुई जाताना रेशीम फाडल्यासारखा एक लांब मऊ आवाज येत असे. त्या दिवशी तो मध्येच थांबला आणि ‘टिक्’ असा कोरडा, इवलासा आवाज झाला.

काकांनी चिमट्यातली अर्धी सुई खाली ठेवली.

“रंग कोनता होता?” त्यांनी विचारले.

“जांभळाचा. मी नीट पाहिलं होतं, काका.”

“नीटच पाह्यलं असशीन.” ते उठले, खिडकीशी गेले आणि बाहेरच्या उघड्या आभाळाकडे तोंड करून उभे राहिले. “मांडवाचं कापड कोन्त्या रंगाचं होतं वं?”

मांडव तांबडा होता. चार दिवस आम्ही त्या तांबड्या सावलीत वावरत होतो, जेवत होतो, हसत होतो. माणसांचे चेहरे, भिंतींचा चुना, तांदळाच्या अक्षता, सारे गुलाबी झाले होते आणि डोळ्यांना ते सवयीचे होऊन गेले होते. त्या उजेडात मधाचा रंग मला जांभळाचा दिसला होता. त्या सुया अजून काचेच्या होत्या. आणि अशा बारा सुया अमरावतीला, माणसांच्या अंगाजवळ होत्या.

काकांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. टोपी डोक्यावर ठेवून ते म्हणाले, “चाल.”

पोस्टातून अमरावतीला फोन लागेना. त्यांनी ‘सुया वापरू नका’ अशी तार केली, आणि तारेवरही विश्वास न वाटून मला घेऊन मोटारस्टँड गाठला. उन्हाने डांबर वितळत होते. एस.टी.च्या खिडक्यांतून भट्टीचा वारा येत होता. बाभळी, काळी भेगाळलेली शेते, पुन्हा बाभळी. काका मांडीवर दोन्ही तळवे उघडे ठेवून बसले होते, जणू त्यांवर काहीतरी झेलायचे होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि ड्रायव्हर चहाला उतरला. काका तीन वेळा खाली गेले, तीन वेळा परत आले.

“लवकर काढा ना हो गाडी,” ते कंडक्टरला म्हणाले.

“काहून काका, पोरीले दाखवाले नेऊन राह्यले का?” कंडक्टरने माझ्याकडे पाहत डोळे मिचकावले. “पावने कुठं पळून जात नाहीत. चहा घ्या.”

काकांनी चहा घेतला नाही. गाडी सुटल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, “आता अकरा वाजले असतील. डॉक्टर दहाले सुरू करतेत.” मला वाटत होते, त्यांनी एकदा तरी म्हणावे, की पोरी, तुझे लक्ष लग्नात होते. ते वाक्य मी मनात इतक्यांदा ऐकले, की शेवटी ते त्यांनी म्हटल्यासारखेच झाले.

इस्पितळात पोहोचलो तेव्हा तार कारकुनाच्या टेबलावर, पेपरवेटखाली, न फोडलेली पडली होती. काका धावतच शस्त्रक्रियेच्या खोलीशी गेले. बाहेरच्या व्हरांड्यात एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. आतून तान्ह्या मुलाचे रडणे येत होते, ओलसर आणि चिरके. दार किलकिले करून मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. काकांना त्या ओळखत होत्या.

“बाकीच्या सुया मी काढून ठेवल्या आहेत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “एक तुटली. आत्ताच, पोटाचा वरचा थर शिवताना. घाबरू नका, दोन्ही तुकडे मिळाले.”

“दाखवा.”

“डॉक्टरांनी पाहिलेत, काका.”

“मले दाखवा, बाई.”

सिस्टरांनी वाटीत तुकडे आणि काढून ठेवलेल्या सुया आणून दिल्या. काकांनी तुकडे तळहातावर एकमेकांना लावले आणि शेजारी न वापरलेली एक सुई ठेवली. त्यांच्या डोळ्यांना फरक दिसला नसता; त्यांनी करंगळीचे टोक दोन्हींवरून फिरवले. मग पुन्हा फिरवले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

“टोक नाही,” ते म्हणाले. “तिळाएवढं टोक नाही याच्यात. सांगा डॉक्टरले, बंद करू नका म्हणा.”

दार लागले. आत डॉक्टरांचा आवाज चढलेला ऐकू आला, मग एकदम शांतता. ती शांतता मी अजून विसरलेले नाही. तिच्यात जंतुनाशकाचा झोंबरा वास होता, आणि कुठेतरी भांड्यात हत्यार ठेवल्याचा थंड, स्वच्छ नाद. डॉक्टर घातलेले टाके सोडून शोधत होते. थोड्या वेळाने सिस्टर पुन्हा बाहेर आल्या. हातात एनॅमलचे मोठे भांडे होते, त्यात रक्ताने भिजलेले कापडाचे बोळे. “जखमेत दिसत नाही. यांत असेल तर पाहते,” त्या म्हणाल्या.

काकांनी सदऱ्याच्या खिशातून लोहचुंबक काढला. घड्याळजीच्या दिवसांपासून तो त्यांच्याजवळ असे. जमिनीवर बसून आम्ही एकेक बोळा उलगडू लागलो. रक्त कोमट होते. मी त्याआधी कोणाचे रक्त असे हातात घेतले नव्हते. पण त्या वेळी किळस वाटायलाही मनात जागा नव्हती. बोळा उलगडायचा, चुंबक फिरवायचा, बाजूला ठेवायचा. काकांचे ओठ हलत होते. कित्येक वर्षांपूर्वी कोनाड्यात ठेवलेले मंत्र असावेत.

किती बोळे झाले कोण जाणे. चुंबकाच्या काठावर काहीतरी उभे राहिले. इतके बारीक, की ते मला आधी दिसले आणि मग खरे वाटले.

“काका,” मी म्हटले. “आहे.”

त्यांनी करंगळी लावली. टोकाने त्यांच्या बोटातून लाल ठिपका काढला. “हेच,” ते म्हणाले, आणि भिंतीला डोके टेकले.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. बाळबाळंतीण दोघेही ठीक होते. काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “तुम्ही आला नसता तर मी बंद केलं असतं. आता हे कोणाला सांगत बसू नका. नातेवाईक उगाच घाबरतात.” आणि पुढच्या खोलीकडे गेले.

काका मात्र सरळ त्या म्हातारीपुढे जाऊन उभे राहिले. म्हातारी वरूडजवळच्या एका गावची होती. आतली बाळंतीण तिची लेक.

“आजी,” काका म्हणाले, “तुमच्या लेकीच्या पोटात सुई तुटली होती. माझी सुई. मीच केली होती.”

म्हातारीने पदर सावरून त्यांच्याकडे पाहिले. “निंघाली का?”

“निंघाली. सारी.”

“मंग?”

“मंग काही नाही. चूक माझी होती, तुम्हाले सांगाले पाहिजे.”

मला राहवले नाही. “आजी, चूक त्यांची नाही. रंग मी बघितला होता. मी चुकीचा सांगितला.”

“तू गप,” काका माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. “पत्र्यावरून उचलल्या कोनी? मी का तू?”

“पण मी सांगितलं म्हणून...”

म्हातारी आम्हां दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. “बाप्पा!” ती म्हणाली. “आमच्या गावात तं चूक टाकाले भांडते मानसं. घ्याले भांडून राह्यले, हे आजच पाह्यलं.” मग भिंतीकडे सरकून तिने जागा केली. “बसा. उभे काहून हात? लेक माई जित्ती हाय. थे टाके काढाच्या दिवशी या अन् पाहून जा, कसं भरलं थे. तवा ठरवू कोनाची चूक.”

ती गमतीने म्हणाली होती. काकांनी तो हुकूम मानला.

मधल्या दिवसांत त्यांनी शेगडी पेटवली नाही. परत आणलेल्या अकरा सुया त्यांनी एकेक करून मोडल्या. प्रत्येकीचा तो कोरडा आवाज मी माझ्या घरात बसून ऐकला. ओसरीवर संत्र्यांच्या जागी रिकामी परडी होती. जखम चिघळली तर? आणखी एखादा कण राहिला असेल तर? त्या बाईला ताप आला असेल तर आपल्याला कोण कळवणार? काका हे प्रश्न मला विचारत नसत. पण खिडकीशी उभे राहिले की त्यांचे ओठ हलत. एकदा मी म्हणाले, “काका, आता तुम्ही रंगासाठी दुसरं कोणी बघा.” ते विझलेल्या शेगडीतली राख काढू लागले.

टाके काढायच्या दिवशी आम्ही दोघे अमरावतीला गेलो. स्त्रियांच्या वॉर्डात पुरुषांना मज्जाव होता. खाटेभोवती पांढरा पडदा ओढलेला होता, काका त्याच्या बाहेर थांबले आणि मला म्हणाले, “तू जा. पाहून सांग.”

मी जागची हलले नाही. पुन्हा तेच काम, पुन्हा माझेच डोळे. पडद्याच्या कापडातून उन्हाचा पांढराशुभ्र उजेड येत होता.

“जा वं,” ते म्हणाले. “मी इथं हावो.”

आत ती बाई होती, माझ्याच वयाची, कानांवर पदर बांधलेली. कुशीत बाळ झोपले होते आणि दोघांच्याही अंगाला शेकशेगडीचा, ओव्याचा वास येत होता. सिस्टरांनी पट्टी काढली. बेंबीखालून एक उभी रेघ गेली होती.

“सांग,” पडद्याबाहेरून आवाज आला.

“रेघ बारीक आहे,” मी म्हणाले. “गव्हाच्या ओंबीसारखी. कडा एकमेकींना लागल्या आहेत.”

“ओढ?”

“कुठे नाही. टाक्यांच्या जागी नुसते ठिपके आहेत. फाटलेलं काही नाही.”

“रंग?”

मी वाकून पाहिले. खरे तर तिथेच थांबता आले असते. ती बाई हसत होती, बाळ ठीक होते, सिस्टर मान हलवत होत्या. बाहेरच्या माणसाला इथले काहीच दिसणार नव्हते.

“गुलाबी आहे,” मी म्हणाले. “सगळीकडे गुलाबी. पण मध्ये एका जागी नाही. जिथे डॉक्टरांनी टाके सोडून शोधलं, तिथे कडा जाड झाल्या आहेत. लालसर, खरबरीत आहे. तिथे व्रण राहील.”

सिस्टरांनी माझ्याकडे रागाने पाहिले.

“केवढी जागा?” काकांनी विचारले.

मी माझे बोट त्या जागेजवळ, न टेकवता, धरले.

“एक बोट.”

मग त्यांचा आवाज आला, रोजच्यासारखा, थोडा थकलेला.

“बरं,” ते म्हणाले. “तेवढं आपलं.”